मिटल्या ओठांवर आवाज

भाचीनं मावशीच्या कपातला चहा प्यायला. झालं म्हणाल तर एवढंच झालं. सकाळची घाई, ओट्याशी दोघी उभ्या, पोरीला कॉलेजला पळायचं होतं. एका हातानं केस सावरत दुसऱ्या हातानं तिनं समोर दिसला तो कप उचलला, एक घोट घेतला आणि "शी, साखरच नाही यात!" म्हणाली. आणि हिनं झडप घातली. कप इतक्या जोरात हिसकावला की निम्मा चहा पोरीच्या बाहीवर सांडला. उरलेला तिनं सिंकमध्ये ओतला, वरून नळ सोडला, आणि मग नळ बंद करायचंही तिला सुचलं नाही. पोरगी बघत राहिली. "अगं, एक घोट घेतला. विष होतं का त्यात?" "मला उष्टं आवडत नाही," ती म्हणाली. आवाज सरळ निघाला, कोरडा, कुठंही न हललेला. आवाजावर तिचा ताबा होता, तिचं पोटच त्यावर होतं. हातावर नव्हता. पोरीनं बाही पिळली, "बरं बाई, चुकलं," म्हणाली, आणि गेली. दार नेहमीपेक्षा जोरात लागलं, किंवा तिला तसं वाटलं.

पोरीला काही होणार नव्हतं. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कपानं होत नाही, ताटानं होत नाही, एका टॉवेलानं, एका संडासानं, गालाचा पापा घेतल्यानं होत नाही. ती सगळी यादी तिला पाठ होती. दवाखान्यातला डॉक्टर तर मागच्या खेपेला खुशीत येऊन म्हणाला होता, की तुम्ही गोळी कधी चुकवत नाही, त्यामुळे तुमच्या रक्तातला विषाणू आता आमच्या मशीनला सापडतसुद्धा नाही. तेव्हा तिला हसू आलं होतं. मशीनला सापडत नाही, पण माझ्या ताईला बरोब्बर सापडतो, असं म्हणावंसं वाटलं होतं. म्हणाली नाही. डॉक्टर बिचारा चांगला माणूस, त्याच्या डोक्याला कशाला ताप. मग आज हात का धावला? तिनं कप विसळला, पुसला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या जागी ठेवला. कडेला निळी रेघ, कानाचा टवका उडालेला. बाकीचे कप फळीवर ओळीनं होते, हा खिडकीत. पोरगी राहायला आली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, हा एकटा तिकडं का गं? तेव्हा ती म्हणाली होती, त्याला उजेड आवडतो. पोरगी हसली होती. पोरीला हसवणं सोपं होतं.

खरं तर तो कप आईनं वेगळा काढला होता. नवरा गावोगाव फिरून नव्या इमारतींमध्ये विजेच्या तारा ओढायची कामं करायचा. त्यानं तिला संसारात जे काय थोडंथोडकं दिलं त्यात हेही दिलं. त्यालाही शेवटच्या आजारापर्यंत ठाऊक नसावं, असं ती धरून चालली होती. दुसरं काही धरलं असतं तर त्याच्यावर रागावून बसावं लागलं असतं, आणि मेलेल्या माणसावर किती दिवस रागावणार? तो गेला, तिच्या रक्ताची तपासणी झाली, ती आईकडं परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा या निळ्या रेघेच्या कपात आला.  आई वाईट वागली म्हणावं तर तसंही नाही. दूध जास्त घालायची, आलं घालायची, डोक्यावरून हात फिरवायची, आणि कप मात्र वेगळा घासून खिडकीत ठेवायची. प्रेम आणि भीती एकाच हातात कशी राहतात याचं तिला तेव्हा नवल वाटायचं. पुढं आई गेली, घर बदललं, शहर बदललं, गोळ्या सुधारल्या. नव्या घरात ती एकटी. घासणारी ती, पिणारी ती. तरी सामान लावताना तिनं बाकीचे कप फळीवर मांडले आणि हा खिडकीत ठेवला. कुणापासून वेगळा? हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता. आज पोरीच्या ओल्या बाहीनं तो विचारला.

स्टुडिओत पोचायला उशीर झाला. तिचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडात आवाज घालणं. परदेशी मालिका यायच्या, पडद्यावर कुणीतरी परक्या भाषेत बोलायचं, आणि काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत, एका कानावर हेडफोन लावून, त्या माणसाच्या ओठांकडं टक लावून ही आपल्या भाषेत बोलायची. डोळ्यांकडं बघायचं नाही, डोळ्यांत बघितलं की माणूस गुंततो आणि वेळ चुकते. फक्त ओठ. ओठ मिटतात तिथं प, ब, म आला पाहिजे, उघडतात तिथं आ. इतकी वर्षं हेच केल्यानं बाहेरच्या जगातही ती लोकांच्या ओठांशीच बोलायची. वाण्याला, बसवाल्याला वाटायचं बाई लाजाळू आहे. नायिकेचं काम तिच्या वाट्याला फारसं यायचं नाही. तिच्या वाट्याला आया, शेजारणी, नर्सा, आणि रडणं. बाकी सगळं झकास बोलणाऱ्या पोरी रडायची वेळ आली की मांजर चिरडल्यासारख्या ओरडायच्या, मग डायरेक्टर म्हणायचा, बोलवा रडूबाईला. ती येऊन नेमकं, बेतशीर रडून जायची. तिला रडूबाई म्हणतात याचं तिला वाईट वाटत नव्हतं. रडायचं काम होतं, ते संपलं की घसा गरम पाण्यानं शेकायचा. पाण्याची बाटली तिची स्वतःची, माइकपुढची स्पंजाची टोपीसुद्धा स्वतःची, डब्यात घालून आणलेली. बाकीचे म्हणायचे, हिचे नखरे बघा, नाकावर माशी बसू देत नाही. म्हणोत. शिष्ट म्हणवून घेणं स्वस्तात पडत होतं.

आज एक आई होती, इस्पितळात पोराच्या उशाशी बसलेली. सोपं काम. दोनच वाक्यं आणि एक उसासा. पहिलं वाक्य बरोबर बसलं. दुसऱ्याला पडद्यावरच्या आईनं तोंड उघडलंच नाही, नुसती पोराच्या चादरीकडं बघत राहिली, आणि काचेमागून हिचा आवाज आला, "काही होणार नाही तुला." बाद. काचेपलीकडून डायरेक्टर ओरडला, "अहो रडूबाई, तिचे ओठ मिटलेत! आवाज काढताय कुठून, पोटातून?" सगळे हसले, तीही हसली. मिटल्या ओठांवर आवाज टाकणं ही शिकाऊ माणसाची चूक. तिला शिकाऊ असताना सुरुवातीलाच सांगितलं होतं, उशीर झाला तर चालेल, शब्द खाल्ला तर चालेल, पण ओठ मिटलेले असताना आवाज आला की बघणाऱ्याला लगेच कळतं, की बोलणारं माणूस दुसरंच आहे.

ताईचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा. ही ताई म्हणजे भाचीची आई, तिची सख्खी थोरली बहीण. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात भाऊबंदांपैकी बाकी कुणी तिकडं फिरकलं नव्हतं, तेव्हा इस्पितळात तिचे कपडे घेऊन येणारी, बाकड्यावर रात्र काढणारी हीच ताई. म्हणून ताईला वाईट म्हणायची सोय नव्हती. पण ताईला मुलगी झाली आणि ही बाळ बघायला गेली, दोन्ही हात पुढं केले, तेव्हा ताई म्हणाली, "तुला सर्दीय ना गं?" "नाही." "आहे, आहे. डोळे बघ किती लाल." तिनं हात मागं घेतले. पुढच्या खेपेलाही सर्दी. वाढदिवसाला सर्दी. पोर चालायला लागली, अर्धं चावलेलं बिस्कीट घेऊन मावशीकडं धावली, तशी ताई मध्ये आली, "नको बाळा, मावशीला सर्दी झालीय." पोर मोठी होईपर्यंत तिची सर्दी काही गेली नाही. आणि आता वसतिगृहातली जागा ऐनवेळी हुकली, शहरात दुसरं कुणी नाही, म्हणून ताईनं नाइलाजानं मुलगी तिच्याकडं ठेवली होती. ठेवताना फोनवर एवढंच म्हणाली, "तिला काही कळायला नको. आणि बाकी तुला समजतं." तिला समजत होतं. दर रविवारी ताई विचारायची, "सगळं ठीक ना?" त्या तीन शब्दांमागं एकच प्रश्न असायचा, आणि ती म्हणायची, "सगळं ठीक." हे घर एवढ्या बोलीवर उभं होतं. ती बोली मोडली की पोर जाणार. आणि पोर जाऊ नये असं तिला वाटायला लागलं होतं, फार वाटायला लागलं होतं, हे तिचं तिलाही नवीन होतं. बाथरूममध्ये दुसऱ्या कुणाचे केस सापडले की वैतागावं, तर ती ते हळूच उचलून टाकायची आणि तिला बरं वाटायचं.

आणि या पोरीला काय सुचावं? कॉलेजातल्या दहाबारा पोरापोरींनी एक मंडळ काढलं होतं, एचआयव्हीबद्दल लोकांशी बोलायचं, भीती घालवायची, तपासणी करून घ्या म्हणून सांगायचं. भाची त्यात होती, नुसती नव्हती, पुढं पुढं होती. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तिच्या हातातली कढई ओट्यावर आपटली होती. नंतर सवय झाली. संध्याकाळी पोरगी बाहेरच्या खोलीत पत्रकं मोजत, माहिती घोकत बसायची आणि ही स्वयंपाकघरातून ऐकायची. पोरीला सगळं येत होतं, अगदी बिनचूक, डॉक्टरसारखं. मध्येच ती आतमध्ये ओरडायची, "मावशी, तुला माहितीय का, मिठी मारल्यानं काही होत नाही, आणि लोक अजून घाबरतात! कमाल आहे ना?" "कमालच आहे," ही म्हणायची आणि फोडणीत जिरे टाकायची.

त्यांची कल्पना साधी होती. दुकानांच्या मोठ्या इमारतीसमोर फरशीचं मोकळं अंगण होतं, तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, चहाची किटली. एका खुर्चीत एचआयव्ही असलेलं माणूस बसणार, येणाजाणाऱ्यानं दुसऱ्या खुर्चीत बसायचं, त्याच्यासोबत चहा प्यायचा, वाटेल ते विचारायचं. बस. पण खरं माणूस मिळेना. मिळणार कुठून, पोरगी म्हणाली, सगळे लपलेले. ही भांडी घासत होती, तिनं भांडं जरा जास्त वेळ घासलं. मग ठरलं की त्यांच्यातलीच एक मुलगी नाटक करेल, भाचीनं लिहून दिलेलं बोलेल. दोन दिवसांनी त्या मुलीनं अंग काढून घेतलं. वडील म्हणाले, लोकांना खरंच वाटलं तर? मग दुसरी. तिची परीक्षा निघाली. मंडळाचा अध्यक्ष म्हणून एक उंच दाढीवाला पोरगा होता, त्याला बाईचं काम कसं जमणार. आणि भाची? भाची म्हणाली, मला सूत्रसंचालन आहे. थोडा वेळ ती पत्रकाची कड दुमडत बसली आणि मग म्हणाली, "खरं सांगू मावशी? मलाही भीती वाटली. कुणीतरी फोटो काढेल, तो कुठं कुठं जाईल. उद्या कुणी म्हणालं तर काय सांगायचं, नाटक होतं? किती वाईट आहे ना मी?"  जी पोरगी हे नाटकात बोलायला घाबरते, तिला खरं कळलं तर तिचं तोंड कसं होईल? तिला ते तोंड डोळ्यांपुढं आणता येत होतं, तिनं अशी तोंडं बघितली होती, डॉक्टरची, दिराची, आईची. पण पोरगी ओशाळून बघत होती, म्हणून ती म्हणाली, "वाईट नाहीस गं. वाचून दाखव काय लिहिलंयस ते."

पोरगी उभी राहून वाचायला लागली, शाळेत बक्षिसाला उभी राहिल्यासारखी. "मी तुमच्यासारखीच आहे. मला, एचआयव्ही आहे. मी काम करते, घर चालवते, सिनेमाला जाते..." हिला ऐकवेना. खरंखोटं राहिलं बाजूला, धंद्यातला कान दुखायला लागला. "अगं, त्या शब्दाआधी थांबतेस कशाला? उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी. मला ताप आहे म्हणताना थांबतेस का? सरळ बोल." "तू म्हणून दाखव." आणि हात पुसत, ओट्याला टेकून, तिनं म्हणून दाखवलं. "मला एचआयव्ही आहे." भिंतीवरचं घड्याळ चालू राहिलं, कुकरनं शिट्टी दिली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. ताईशी, डॉक्टरशी बोलतानासुद्धा 'ते' म्हणायची. पोरीचा चेहरा उजळला. "मावशी! तूच का नाही करत? तू आर्टिस्ट आहेस, तुला काय फरक पडतो!" तिला हसू आलं. खरंच, काय फरक पडतो? सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या नावानं बोलण्यात गेलं, एकदा असंही. "रविवारी ना?" ती म्हणाली. "बसेन." रात्री झोपताना वाटलं, हे आपण काय करून बसलो. मग वाटलं, नाटकच तर आहे. व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवलेली गोळी घेऊन ती झोपली.

रविवारी अंगणात ऊन होतं. पोरांनी लाल फिती लावल्या होत्या, हसत खिदळत पत्रकं वाटत होती, लोक पत्रकं घेत होते, फीत लावून फोटो काढून घेत होते, आणि टेबलाजवळ आले की वळसा घालून जात होते. ती खुर्चीत बसली. समोर पोरांनी माणसं गोळा केली, अर्धवर्तुळात पंचवीसेक जण असतील, हातात पिशव्या, कडेवर मुलं. दाढीवाल्या अध्यक्षानं माइक दिला. माइकला स्पंजाची टोपी होती, कुणाकुणाच्या तोंडाची. तिची टोपी घरी राहिली होती. अर्धवर्तुळाच्या टोकाला भाची उभी होती, आपण लिहिलेलं पाठ असल्यानं आधीच ओठ हलवत होती, वर्गातल्या बाईंसारखी. इथं तिच्या सवयीनं घात केला म्हणा, किंवा दुसरं काही म्हणा. तिची नजर आपोआप त्या ओठांवर जाऊन बसली. भाचीचे ओठ बोलत होते आणि आवाज हिचा येत होता. मी तुमच्यासारखीच आहे. मला एचआयव्ही आहे. मी काम करते, घर चालवते. अगदी चपखल, म ला म, प ला प. असा सुंदर टेक तिचा कित्येक दिवसांत झाला नव्हता. "माझ्याशी बोलल्यानं, माझ्याशेजारी बसल्यानं, माझ्यासोबत चहा प्यायल्यानं तुम्हाला काही होणार नाही." लिहिलेलं इथं संपत होतं. पुढं फक्त 'बसा' होतं. भाचीचे ओठ 'बसा'साठी मिटले.

आणि तिचा आवाज चालूच राहिला. "माझा कप खिडकीत असतो," ती म्हणाली. "आधी आई ठेवायची, आता मीच ठेवते. निळ्या रेघेचा आहे. कुणी विचारलं तर मी सांगते, त्याला उजेड आवडतो. मला सगळं माहितीय, कपानं काही होत नाही. तरी मागच्या आठवड्यात घरातल्या एका पोरीनं त्यातला घोट घेतला आणि मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. तिची बाही भिजली. तुम्ही घाबरता त्याचं मला काही वाटत नाही. मीच अजून घाबरते, त्याचं वाटतं." भाचीचे ओठ मिटलेले होते. मिटलेलेच राहिले. तिनं डोळे वर करून भाचीच्या डोळ्यांकडं बघायला हवं होतं, पण तिची छाती झाली नाही, ती ओठांकडंच बघत राहिली, आणि मिटलेल्या ओठांवरून काही वाचता येत नाही.

टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. अध्यक्ष वाकून तिच्या कानात म्हणाला, "काकू, जबरदस्त! फक्त शेवटी जरा रडला असतात ना, तर एकदम आतून वाटलं असतं." गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. खुर्चीच्या पाठीला हात लावून त्यांनी हळूच विचारलं, "पण बाई, तुम्हाला खरंच नाहीये ना?" "छे छे, काका!" अध्यक्ष हसला. "या आर्टिस्ट आहेत, टीव्हीवर आवाज देतात." "तरीच!" म्हातारे सुटल्यासारखे हसले, मागची माणसंही हसली, अर्धवर्तुळ सैल झालं, पाचसहा जण एकदम टेबलाशी आले, एका बाईनं तर किटलीकडं हातही नेला. नाटक म्हटल्यावर सगळ्यांना चहाची तल्लफ आली. म्हातारे खुर्चीत बसले, तिनं ओतलेला कप पुढं ओढला. त्यांच्या ओठांवर अजून हसू होतं. हे हसू जाऊ द्यायचं, घरी जायचं, संध्याकाळी ताईला सगळं ठीक म्हणायचं. काही बिघडलं नव्हतं. बोली शाबूत होती. "आहे," ती म्हणाली.

"काय?" "मला आहे. खरंच आहे. चहा घ्या तुम्ही." म्हाताऱ्यांचा हात कपाच्या कानावर तसाच राहिला. ते कपाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मला साखर चालत नाही हो," आणि पिशवी उचलून, अगदी सभ्यपणे, निघून गेले. किटलीवरचा हातही मागं गेला. कुणी ओरडलं नाही, माणसं फक्त आपापल्या कामाला लागली. तिला हे ओळखीचं होतं, त्यामुळं फारसं लागलं नाही. अध्यक्षाचं तोंड उघडं पडलं होतं. त्याला लाज वाटत होती, भीती वाटत होती, की आपण रडायला सांगितलं ते आठवत होतं, कोण जाणे. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून तो म्हाताऱ्यांच्या खुर्चीत धपकन बसला, त्यांचा सोडलेला कप उचलला आणि एका दमात प्यायला. चहा उकळता होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, जीभ बाहेर काढून तो वारा घ्यायला लागला, आणि ती हसली, पोटातून हसली. मग वडिलांनी नको म्हटलेली मुलगी आली. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. मग परीक्षावाली. मग एक अनोळखी बाई, कडेवर मूल घेऊन, तिनं चहा नको म्हटलं पण तपासणी कुठं होते ते विचारलं. तासभर हे चाललं. भाची आली नाही. ती पत्रकं वाटत होती, तोंड फिरवून, ज्यांनी आधी घेतली होती त्यांनाही परत देत होती.

घरी येताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण पोरगी खिडकीबाहेर बघत होती. तिनं मनातल्या मनात पोरीचं सामान बांधायला घेतलं. पुस्तकं जड, त्यांना वेगळी पिशवी लागेल. ताई उद्याच येईल. बाथरूममध्ये केस सापडणार नाहीत, ओटा स्वच्छ राहील, बाहेरच्या खोलीत कुणी काही घोकणार नाही. एवढं कशाला वाईट वाटून घ्यायचं? पोर आपली नाहीच, उसनी होती. पण वाईट वाटत होतं, घसा दाटून येत होता, आणि हा गरम पाण्यानं शेकून जाणारा घसा नव्हता. दार उघडून आत आल्यावर पोरगी सरळ स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. मग पोरीचा आवाज आला, "ती सर्दी पण खोटी होती?" ती दारातच थांबली. "लहानपणी तुला कायम सर्दी असायची. मी आईला विचारायचे, मावशीला औषध का देत नाही कुणी. ती पण?" "ती पण," ती म्हणाली. पोरगी वळली. तिचे डोळे लाल होते, ओठ वेडेवाकडे झाले होते, रडणं अजिबात नीट नव्हतं, अगदी मांजर चिरडल्यासारखं. "आणि त्या दिवशी तू कप ओढून घेतलास, ओतून दिलास, वरून नळ सोडलास! मला काय वाटलं माहितीय? मला वाटलं, तुला माझी किळस आली. मी आठवडाभर माझा कप दोनदा विसळून ठेवतेय, गधडी मी! तुला समजतंय का, कसं वाटतं ते?"

तिला समजत होतं. जगात हे तिच्याइतकं कुणाला समजत असेल असं तिला वाटत नव्हतं, आणि तरी हे तिला एकदाही सुचलं नव्हतं, की तो हिसका पोरीला असा लागला असेल. जे तिला आयुष्यभर लागलं, ते तिनं एका घोटात पोरीला देऊन टाकलं होतं. एवढंच एक तिच्याकडून पसरलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज फाटला. बाद, तिला वाटलं, पण दुसरा टेक नव्हता. पोरीनं नाक पुसलं. चहा झाला होता. तिनं खिडकीतून निळ्या रेघेचा कप काढला, काठोकाठ भरला, स्वतः फुंकून फुंकून अर्धा प्यायली, आणि उरलेला टेबलावरून पुढं सरकवला. "घे. उष्टंय माझं," ती म्हणाली. "चालेल?"

ती बसली. कप उचलला. पोरीच्या ओठांचा ओला ठसा काठावर होता, नेमका निळ्या रेघेवर, आणि कप फिरवून दुसरीकडून प्यायला भरपूर जागा होती. तिनं कप फिरवला नाही. चहा नको तितका गोड होता. बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. रविवार, ताई. पोरगी उठली, तर तिनं हातानं तिला बसवलं, कप घेऊनच गेली आणि फोन उचलला. "काय करतेस?" ताईनं विचारलं. "सगळं ठीक ना?"

"चहा पितेय," ती म्हणाली, "तुझ्या पोरीचा उष्टा." पलीकडं काहीच आवाज आला नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत, त्यामुळं ताईचे मिटलेत की उघडलेत ते कळायला मार्ग नव्हता. ती घाईनं काही बोलली नाही. तिनं आणखी एक घोट घेतला, ताईला ऐकू जाईल असा, आणि थांबली.